जर्मनीचा व्हिसा आणि तासगावची बाग

प्रश्न थोडक्यात : वाचक तासगाव तालुक्यातले, वय २७. २०२० साली बी.ई. केमिकल झाले. आधी दोन वर्षं एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, नंतर कुरकुंभच्या एका बल्क ड्रग प्लँटमध्ये शिफ्ट इंजिनिअर. पगार वर्षाला साडेसहा लाख. परदेशात व्हिसा स्पॉन्सर करणारी नोकरी हवी म्हणून तीनशेच्या वर अर्ज केले, मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. आता सांगलीतला एक कन्सल्टंट ‘जर्मनीत केमिकल कंपनीत पक्की नोकरी, स्पॉन्सर्ड व्हिसा, भाषेची अट नाही’ म्हणून पावणेपाच लाख मागतोय. पन्नास हजार रोख दिलेत. पासपोर्ट आणि डिग्रीचं ओरिजिनल सर्टिफिकेट त्याच्याकडेच आहे. उरलेल्या पैशांसाठी वडील वीस गुंठे द्राक्षबाग विकायला तयार झालेत. वाचक विचारतात : पैसे भरावेत का? स्पॉन्सरशिप देणाऱ्या कंपन्यांची यादी कुठे मिळेल? की आधी परदेशात एम.एस. करावं?

उत्तर :

बाकी सगळं नंतर. या आठवड्यात त्या ऑफिसात जा आणि पासपोर्ट व सर्टिफिकेट परत घ्या. कारण विचारलं तर सांगा, बँकेला ओरिजिनल दाखवायचेत. व्हिसाच्या अर्जाला पासपोर्ट लागतो, पण तो तुम्ही स्वतः अपॉइंटमेंटच्या दिवशी देता. महिनोन् महिने कुणाच्या कपाटात ठेवायची ती वस्तू नाही. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, खासगी माणसाला तो अडवून धरता येत नाही. ‘उरलेले पैसे आणा, मग देतो’ असं उत्तर आलं तर तिथे वाद घालू नका, सरळ पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. दिलेल्या पन्नास हजारांची पावती नसेल तर ‘अमुक तारखेला रोख दिलेल्या पन्नास हजारांबाबत’ असा व्हॉट्सॲप मेसेज त्याला टाका. त्याने नुसतं ‘हो, प्रोसेस चालू आहे’ एवढं लिहिलं तरी तो पुरावा होतो.

आता कन्सल्टंटची पारख. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही बघता येते. आणि अशा नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. म्हणजे पावणेपाच लाखांचा आकडा ऐकूनच अर्धं उत्तर मिळतं. ‘आम्ही रिक्रूटमेंट करत नाही, फक्त व्हिसा गायडन्स देतो’ अशी सारवासारव होईल. मग पक्की नोकरी कुठून आली, हे विचारा.

एजंटच्या पलीकडे एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रातच आहे. ‘स्पॉन्सरशिप’ ही एक वस्तू आहे, काही कंपन्यांकडे ती असते आणि ओळखीने किंवा पैशाने मिळते, असं तुम्ही धरून चाललाय. प्रत्यक्षात प्रत्येक देशात ती भानगड वेगळी आहे, आणि जर्मनीत तर त्या अर्थाने ती नाहीच.

ब्रिटनमध्ये कंपनीकडे सरकारचं स्पॉन्सर लायसन्स लागतं. लायसन्स असलेल्या कंपन्यांची पूर्ण यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर फुकट आहे, म्हणजे तुम्हाला हवी ती यादी हीच. पण यादीत नाव असणं म्हणजे जागा असणं नव्हे. त्यात हॉटेलंही आहेत आणि शाळाही. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे, आणि त्या कामाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो. शिवाय मोठ्या कंपनीला प्रत्येक परदेशी माणसामागे वर्षाला १,३२० पौंड स्किल्स चार्ज भरावा लागतो, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. तुम्हाला स्वतःला हेल्थ सरचार्ज पडतो वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. तीन वर्षांचे साडेतीन लाखांच्या वर जातात. हा खर्च खरा, पण तो सरकारच्या साइटवर तुमच्या कार्डाने जातो, स्टेशन रोडवरच्या ऑफिसात नाही.

नेदरलँड्समध्येही मान्यताप्राप्त स्पॉन्सर कंपन्यांची जाहीर यादी आहे, वयाच्या तिशीच्या आत पगाराची अट बरीच कमी आहे, म्हणून तुमच्यासाठी ती यादी ब्रिटनपेक्षा आधी चाळण्यासारखी. कॅनडात मालकाला आधी लेबर मार्केटची परवानगी काढावी लागते आणि त्याची हजार डॉलर फी कामगाराकडून घेणं बेकायदा आहे. शिवाय मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम वास्तव्याच्या (पीआरच्या) गुणपद्धतीत, जॉब ऑफरचे वेगळे गुण मिळत नाहीत, त्यामुळे ‘ऑफर लेटर विकत घ्या, पीआर मिळेल’ हा धंदाही फोल झालाय. अमेरिका सध्या सोडून द्या. भारतातून नव्या एच-वन-बी माणसाला बोलवायला सप्टेंबर २०२५ पासून एक लाख डॉलरचा बोजा आहे, शिफ्ट इंजिनिअरसाठी तो कुणी उचलत नाही.

जर्मनीकडे येऊ, कारण तुमचं मन तिकडे आहे. तिथे कंपनीला वेगळं लायसन्स लागत नाही. तीन गोष्टी जुळल्या की ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर परदेशी माणसाला तिथे राहून काम करायचा परवाना, मिळतं : मान्य होणारी डिग्री, त्या डिग्रीशी जुळणारं काम आणि ठरलेल्या रकमेवरचा पगार. २०२६ साठी ही रक्कम वर्षाला ५०,७०० युरो आहे. इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत ४५,९३४ युरो. दर जानेवारीला ती बदलते. महिन्याचा हिशेब केला तर तुमच्यासाठी ती कापाकापीआधी ३,८२८ युरो पडते. आता कन्सल्टंटने दाखवलेलं ऑफर लेटर काढा. त्यावर महिन्याला २,२०० किंवा २,५०० युरो लिहिलं असेल तर त्या कागदावर ब्लू कार्ड निघणारच नाही, कंपनी खरी असली तरी. कंपनी खरी आहे का हेही बघता येतं : जर्मनीची व्यापारी नोंदवही ऑनलाइन फुकट बघायला मिळते. नाव सापडलं तर तिथला पत्ता आणि लेटरहेडचा पत्ता ताडून पाहा, आणि ऑफर जीमेलवरून आली असेल तर पुढे वाचूच नका. पोलंड किंवा रोमानियाचं वर्क परमिट काढून ‘तिथून जर्मनीत सरकवतो’ असं कुणी म्हणालं तर तेही खोटं. एका देशाच्या परमिटवर दुसऱ्या देशात नोकरी करता येत नाही.

डिग्रीचं काम तुम्ही घरबसल्या आजच सुरू करू शकता. अनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे. त्यात आधी विद्यापीठ शोधायचं आणि त्याच्यापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्य) आहे का बघायचं, मग डिग्रीचा प्रकार शोधायचा. इथे आपली मुलं हमखास चुकतात ती कॉलेजचं नाव शोधण्यात. कॉलेज वारणानगरला असो की पुण्यात, सर्टिफिकेटवर डिग्री देणाऱ्या विद्यापीठाचं नाव असतं, तेच टाकायचं. कॉलेज सापडलं नाही म्हणून ‘आपली डिग्री चालत नाही’ असा समज करून घेणारे बरेच. विद्यापीठ आणि डिग्री दोन्ही जुळले तर त्या पानांची प्रिंट पुरते. जुळलं नाही तर झेडएबी या कार्यालयाकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यायचं, त्याची फी २०८ युरो. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो. दोन्ही मिळून तीस हजार रुपयांच्या आसपास. ऑफर हातात आल्यावर व्हिसाचा सरकारी खर्च तुमच्या बाजूने एवढाच आहे. बाकी राहतं विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचं भाडं. पावणेपाच लाख कशाचे, हा प्रश्न मग वडिलांसमोरच त्या माणसाला विचारा.

मग तीनशे अर्ज वाया का गेले? तुमच्या पत्रासोबत आलेला सीव्ही वाचला. तीन कारणं दिसतात.

पहिलं भाषेचं. केमिकल प्लँटमधलं काम परमिटवर, म्हणजे लेखी सुरक्षा-परवान्यांवर, चालतं : हॉट वर्क, व्हेसल एंट्री, लाइन ब्रेकिंग. रात्री दोन वाजता ऑपरेटर पॅनलवरून ओरडून काहीतरी सांगतो ते जर्मनमधून. सेफ्टीची कागदपत्रं, अपघात प्रतिबंधाचे नियम, शिफ्टचं लॉगबुक, सगळं जर्मनमध्ये. तिथला प्लँट मॅनेजर इंग्रजी बोलतो, पण शिफ्टवर फक्त इंग्रजी येणारा इंजिनिअर घेणं त्याच्या दृष्टीने धोक्याचं आहे. ‘भाषेची अट नाही’ हे व्हिसापुरतं खरं आहे, नोकरीपुरतं नाही. जर्मनच्या ए-वन (पहिली पातळी) ते बी-टू (चौथी पातळी) या प्रवासाला साधारण सहाशे-सातशे तास लागतात. शिफ्ट सांभाळून आठवड्याला आठ तास दिले तर दीड वर्ष. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होते; सुरुवातीचा अभ्यास ऑनलाइन केला तरी चालतो, परीक्षा मात्र मान्यताप्राप्त केंद्रावरच द्या. बी-वन झाल्याबरोबर अर्ज पुन्हा सुरू करा, बी-टूची वाट बघत बसू नका.

त्यात जर्मन केमिकल उद्योगाचे दिवस सध्या बरे नाहीत. २०२२ नंतर गॅस महागला आणि बीएएसएफसारख्या कंपनीने लुडविग्सहाफेनमधला अमोनियाचा एक प्लँट आणि टीडीआय या फोमच्या कच्च्या मालाचा प्लँट बंद केला. त्यामुळे मूलभूत रसायनांच्या कंपन्यांकडे तीनशे अर्ज पाठवण्यापेक्षा औषधनिर्मिती, बॅटरी, सेमीकंडक्टर आणि इंजिनिअरिंग-कन्सल्टन्सी यांच्याकडे शंभर पाठवलेले बरे. शोधताना ‘केमिकल इंजिनिअर’ एवढंच टाकू नका. तिकडे या शाखेला ‘फेरफारेन्सटेक्निक’ म्हणतात आणि जागा ‘प्रोत्सेसइंजेनिअर’ किंवा ‘बेट्रीब्सइंजेनिअर’ या नावाने निघते.

दुसरं कारण पोर्टलवरच्या त्या एका प्रश्नाचं : ‘तुम्हाला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का?’ ब्रिटनच्या कंपनीला ‘हो’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अर्ज माणसाच्या नजरेसही पडत नाही. तरी खोटं ‘नाही’ लिहू नका, पहिल्याच फोनवर उघडं पडतं. आधी यादीत कंपनी बघा, मग जाहिरातीतला पगार ४१,७०० च्या वर आहे का बघा, आणि दोन्ही असेल तरच अर्ज करा. जर्मन कंपनीला मात्र पहिल्याच मेलमध्ये दोन ओळी लिहून टाका : डिग्री अनाबिनमध्ये मान्य आहे, आणि या पगारावर मी ब्लू कार्डला पात्र आहे. तिथल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या एचआरला ही प्रक्रिया किचकट वाटते, म्हणून ते नाही म्हणतात. ४११ युरो भरून कंपनी जलद प्रक्रिया मागू शकते, हेही त्यांना सांगावं लागतं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण सीव्ही. तुम्ही लिहिलंय : ‘शिफ्टमधील उत्पादनाची जबाबदारी, मनुष्यबळ नियोजन, वरिष्ठांशी समन्वय.’ यावरून तुम्ही साबण करता की सल्फ्युरिक ॲसिड, काहीच कळत नाही. त्याऐवजी असं वाचून बघा : ‘दिवसाला ६० किलोलिटरची मळीवरची डिस्टिलरी. मल्टिप्रेशर डिस्टिलेशन, थ्री-ए मॉलिक्युलर सीव्हने अल्कोहोल ९५ वरून ९९.६ टक्क्यांपर्यंत. रीबॉयलरवरची स्टीम आणि रिफ्लक्स पुन्हा जुळवून लिटरमागे स्टीम ३.२ वरून २.८ किलोवर आणली.’ आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे घाला. मुलाखत घेणारा पुढचा अर्धा तास त्याच आकड्यावर बसतो. कुरकुंभचं कामही तसंच मांडा. रिॲक्टर किती किलोलिटरचा, ग्लास-लाइन्ड की स्टेनलेस, हायड्रोजनेशन होतं का, उणे तापमानाला ब्राइन वापरता का, सेंट्रिफ्यूज की नटशे फिल्टर, सॉल्व्हंट रिकव्हरी किती टक्के, स्केल-अपची पहिली बॅच तुमच्या शिफ्टला निघाली का. प्रॉडक्टचं नाव आणि बनवण्याचा रूट लिहू नका, तो कंपनीचा गोपनीय भाग आहे. ‘कार्डिओव्हॅस्क्युलर एपीआय (म्हणजे औषधाचा मुख्य घटक), चार स्टेज’ एवढं पुरे.

डिस्टिलरीतली दोन वर्षं तुम्ही सीव्हीच्या तळाला एका ओळीत गुंडाळलीत, साखर कारखाना म्हणून कमीपणा वाटला असावा. कॉलम, इव्हॅपोरेटर, स्पेंट वॉशचं कॉन्सन्ट्रेशन, झीरो लिक्विड डिस्चार्ज : केमिकल इंजिनिअरिंगचा गाभा तिथेच आहे, आणि बायोइथेनॉलवर जगभर काम चालू आहे. सांगली-साताऱ्याच्या पोरांना हा अनुभव गावाशेजारी मिळतो आणि तेच तो लपवतात.

याच अनुभवातून आणखी एक वाट निघते, तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. पुण्याची प्राज डिस्टिलरी आणि बायोइंधनाचे प्लँट देशाबाहेरही उभे करते. मुंबई-बडोद्याला परदेशी इंजिनिअरिंग कंपन्यांची मोठी डिझाइन ऑफिसं आहेत. अशा ठिकाणी प्रोसेस किंवा कमिशनिंगमध्ये तीन-चार वर्षं काढली की परदेशी साइटचा अनुभव पगारावर मिळतो, आणि कंपनीच्या अंतर्गत बदलीवर बाहेर जाण्याची शक्यता असते. हॅझॉपमध्ये (प्लँटमधले धोके शोधायच्या बैठकीत) बसायला मिळालं, पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) वाचण्याऐवजी काढायला लागलात, की आखातातल्या कंपन्याही दार उघडतात. तिथे खरंच कंपनीच व्हिसा, तिकीट, राहणं सगळं बघते, पण शिफ्ट इंजिनिअरकडून त्यांना सहसा रिफायनरी किंवा पेट्रोकेमिकलचा अनुभव हवा असतो.

इंग्रजीवरच भिस्त ठेवायची असेल तर आयर्लंडकडे बघा, ते नाव तुम्ही घेतलेलंच नाही. कॉर्कजवळ रिंगास्किडी भागात एपीआयचे प्लँट रांगेने आहेत, आणि क्रिटिकल स्किल्स परमिटच्या यादीत प्रोसेस इंजिनिअर येतो. दोन वर्षांची ऑफर लागते, परमिटची फी हजार युरो. तिथे तुमच्या कामातली एकच गोष्ट जड भरते : जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीचे दर्जाचे नियम. तुमच्या प्लँटचं यूएसएफडीए किंवा युरोपियन ऑडिट झालं असेल, तुम्ही प्रोसेस व्हॅलिडेशनच्या तीन बॅच चालवल्या असतील, डेव्हिएशन आणि कापा (चूक सुधारण्याचे आणि टाळण्याचे उपाय) स्वतः लिहिले असतील, तर ते सीव्हीच्या पहिल्या तीन ओळींत हवं. सध्या ते कुठेच नाही.

ऑस्ट्रेलियाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यायची वेळ आली, तर वॉशिंग्टन अकॉर्ड, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिग्र्या परस्पर मान्य करायचा देशांमधला करार, आडवा येतो. भारत २०१४ पासून त्यात आहे, पण एनबीए या आपल्या मूल्यांकन मंडळाने टियर-वन म्हणून मान्य केलेल्या अभ्यासक्रमांपुरताच, म्हणजे स्वायत्त संस्था वगैरे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजची डिग्री सहसा त्यात बसत नाही. मग सीडीआर, म्हणजे स्वतःच्या कामाचा अहवाल, लिहावा लागतो : तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी एक हजार ते अडीच हजार शब्द, ‘मी काय मोजलं, मी काय ठरवलं’ अशा भाषेत. हे एपिसोड विकत लिहून देणारेही आहेत. नक्कल तपासली जाते आणि पकडलं की बंदी येते, म्हणून ते स्वतःच लिहा.

एम.एस.चं म्हणाल, तर जर्मनीत मास्टर्स करणं हा वाईट मार्ग नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सेमिस्टरला १,५०० युरो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, शिवाय भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस सर्टिफिकेट लागतं, त्याचे १८ हजार रुपये. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पैसे खात्यात तुमच्याच नावावर राहतात आणि महिन्याला ठरावीक हप्त्याने तुम्हालाच मिळतात, कन्सल्टंटला द्यायचे पैसे आणि हे, यांतला हाच मोठा फरक. पण पाच वर्षांच्या अनुभवानंतर दोन वर्षं पुन्हा वर्गात बसायचं ते जर्मन शिकायला टाळाटाळ म्हणून असेल, तर तो महागडा वळसा आहे. मास्टर्स इंग्रजीत झालं तरी प्लँट जर्मनमध्येच चालतो. अपॉर्च्युनिटी कार्डवर तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते, पण त्यालाही महिन्याला हजारावर युरो दाखवावे लागतात. बी-वनशिवाय ते घेऊ नका.

बागेबद्दल. वीस गुंठे आज विकले तर परत त्या रस्त्याला, त्या पाण्यावर मिळणार नाहीत, हे वडिलांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तरी ते तयार झालेत, कारण पोराच्या तीनशे अर्जांना उत्तर आलं नाही हे ते बघतायत. त्यांच्यासमोर वरचा तीस हजारांचा हिशेब कागदावर मांडा. भाषेच्या क्लासचा आणि परीक्षांचा खर्च धरला तरी तो तुमच्या पगारातून निघतो, सातबाऱ्यावर बोजा चढवायची गरज पडत नाही.

आणि पुढच्या सुट्टीला जुन्या डिस्टिलरीत जाऊन या. तुमच्या अनुभवपत्रावर हुद्दा ‘डिस्टिलरी केमिस्ट’ असणार. साखर कारखान्यात इंजिनिअरलाही बऱ्याचदा तेच नाव देतात. परदेशी कार्यालयात ते पत्र वाचणाऱ्याला तुम्ही प्रयोगशाळेत टायट्रेशन करणारे वाटता आणि काम डिग्रीशी जुळत नाही म्हणून अडतं. हुद्दा बदलून मागू नका, तो रेकॉर्डला आहे. त्याच लेटरहेडवर कामाचं स्वरूप लिहिलेलं वेगळं पत्र मागा : कुठला विभाग, किती क्षमता, कॉलमचं ऑपरेशन, किती माणसं हाताखाली, कधीपासून कधीपर्यंत. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, चीफ केमिस्टकडून तपासून घ्या, कार्यकारी संचालकांची सही आणि गोल शिक्का घ्या. गळीत हंगाम सुरू असताना गेलात तर दिवसभर बाहेर बसवतील, म्हणून बॉयलर थंड असताना जा.